सतरा नंबरची कुपी

१

सोमवारी सकाळी संध्या हिवराळे ऑफिसात आली. तिनं पंखा लावला, संगणक सुरू केला आणि पहिल्याच ओळीवर तिची नजर खिळली.

कुपी क्रमांक सतरा. नवीन नोंदी आल्या आहेत.

तिनं पुन्हा वाचलं. मग उठून दार लावून घेतलं. का लावलं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

सतरा नंबरची कुपी समुद्राच्या तळाशी होती. ‘हीरकन्या’ नावाच्या मासेमारी बोटीबरोबर ती ऑक्टोबरात बुडाली होती. बोटीवर पाच माणसं होती. दोघांचे देह किनाऱ्याला लागले, तिघांचे लागलेच नाहीत. त्या तिघांतला एक बुद्धभूषण, संध्याचा धाकटा भाऊ.

‘सागरवेध’ ही चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतली छोटीशी कंपनी. शहरातले लोक हसायचे, “प्यायला पाणी नाही आणि तुम्ही समुद्र मोजता?” पण काम खरं होतं. कुपी म्हणजे हातभर लांबीची, स्टीलची, कायमची बंद केलेली नळी. कोकणातले मच्छीमार ती जाळ्याला बांधत. पाण्यात गेली की ती आपोआप जागी होई आणि पाण्याची खोली, उष्णता, खारटपणा टिपून ठेवी. जाळं वर ओढलं की हवेचा दाब मोजी. मोबाइलची रेंज मिळाली की सगळ्या नोंदी चिकलठाण्याला पाठवी. दाब झपाट्यानं उतरला, म्हणजे वादळ जवळ आलं, की तिच्या टोकाचा हिरवा दिवा लाल होई. तो लाल झाला की खलाशी माघारी फिरत. बोट कुठं आहे हे सांगणारं यंत्र मात्र वेगळं, केबिनमध्ये असे. ते ‘हीरकन्या’बरोबर गेलं ते गेलंच.

कुप्या बोटींवर बसवायचं काम बुद्धभूषणचं होतं. त्या खेपेला तो हौसेनं बोटीबरोबर गेला. निघताना त्यानं फोन केला होता, “ताई, सतरा नंबर बसवली. दिवा हिरवा हाय. काळजी करू नको.”

सात महिने त्यांच्या आईनं त्याच्या मृत्यूनंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊ दिला नव्हता. “माझ्या लेकराचा देह दाखवा, मग करा,” एवढंच ती म्हणायची.

आणि आज त्या कुपीनं नोंदी पाठवल्या होत्या. कालच्या, परवाच्या, आठवडाभराच्या. कुणीतरी तिला पाण्यात घालत होतं आणि बाहेर काढत होतं.

भूषण जिवंत आहे? की त्याच्या नावानं कुणी खेळ मांडलाय?

२

ऑफिसात कुणाला काही न सांगता ती छापील कागद घेऊन अनसूया बाईंकडं गेली.

अनसूया खेर वेधशाळेतून निवृत्त झाल्या होत्या. आयुष्यभर त्यांनी वारा, पाऊस आणि हवेचा दाब मोजला होता. कंपनीच्या नव्या कुप्या बरोबर मोजतात की नाही, हे तपासायला कधीमधी त्यांना बोलवत. दुखऱ्या गुडघ्याला पट्टा बांधून त्या खुर्चीत बसल्या, सुपारी तोंडात टाकली आणि कागद वाचत राहिल्या.

“संध्या, आधी एक ऐक,” त्या म्हणाल्या. “ही कुपी समुद्रात नाही.”

“म्हणजे?”

“खारटपणा बघ. शून्य. हे गोडं पाणी आहे. आणि पाण्याबाहेर असतानाचा हवेचा दाब बघ, जेमतेम साडेनऊशे मिलिबार. समुद्रावर दाब इतका उतरला, तर कोकणात एक छप्पर जागेवर राहायचं नाही. आपल्या पठारावर मात्र हा रोजचा दाब आहे.” त्यांनी चष्मा काढला. “कुपी इथं कुठंतरी आहे. आपल्याच भागात.”

“पण भूषणनं ती बोटीवर बसवली होती.”

“नोंदींवर येतो तो कुपीच्या आतला नंबर, पाटी तर बाहेरून बदलता येते. त्यानं सतरा नंबरची पाटी असलेली कुपी बसवली. आतली कुपी कुठली होती, ते त्याला कसं कळणार? बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात.”

संध्यानं कागद आपल्याकडं ओढला. “मग बोटीवर जी होती ती...”

“तिचा दिवा लाल झालाच नसेल,” बाई हळूच म्हणाल्या.

भूषणच्या डोळ्यांपुढं हिरवा दिवा असेल. आभाळ काळं झालं तरी तो दिव्याकडं बघून इतरांना म्हणाला असेल, काही होत नाही.

“पाटी कोण बदलू शकतं?” बाईंनी विचारलं.

“तिघंच. श्रीनिवास सर मालक आहेत, त्यांच्याकडं सगळ्या किल्ल्या असतात. मिहिर सर कुप्या बनवतात. आणि बद्रीभाऊ त्या जीपनं किनाऱ्यावर पोचवतात.”

“तिघांना सांग, सतरा नंबरनं नोंदी पाठवल्यात. बस, एवढंच. त्यात काय आहे, ते चुकूनही बोलू नकोस. कोण काय म्हणतं ते नीट ऐक आणि माझ्याकडं ये.” बाईंनी तिचा हात धरला. “आणि जपून राहा. ज्यानं हे केलं, त्याला आता तुझी भीती वाटणार आहे.”

३

श्रीनिवास देवगावकर पन्नाशीचे गृहस्थ. दर उन्हाळ्यात कन्नडजवळच्या आपल्या शेतघराकडं पळायचे. संध्यानं सांगताच ते ताडकन उभे राहिले.

“भूषण आहे? अगं, तो जिवंत आहे का?” त्यांनी लगेच रत्नागिरीला फोन लावला, तिथल्या माणसाला किनारा धुंडाळायला सांगितलं. फोन ठेवला तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. ते अश्रू खरे होते की नाही, हे संध्याला ठरवता येईना. माणसांवरचा तिचा विश्वासच उडाला होता.

मिहिर कारखान्यात तारांना डाख देत बसला होता. तिशीचा, हुशार, कुणाशी फारसं न बोलणारा. ऐकून त्यानं डाखणी खाली ठेवली.

“संध्या, त्रास करून घेऊ नकोस,” तो मऊ आवाजात म्हणाला. “खारटपणा शून्य दाखवणारं यंत्र मेलेलं असतं. दुसऱ्याच कुठल्यातरी कुपीच्या नोंदी चुकून सतराच्या नावावर चढल्या असतील. मी बघतो.”

त्याच्या बोलण्यानं तिला धीरच आला.

बद्रीनाथ जीप पुसत होता. पाचोडजवळच्या खेड्यातला हा माणूस कंपनीचा ड्रायव्हर होता आणि सामानही तोच सांभाळायचा. त्याच्या हातातलं फडकं गळून पडलं.

“ताई, असं काय बोलताय? समुद्राच्या पोटातून कसं कोण बोलंल?” तो मागं सरकला. “मला नका सांगू ह्ये. मला लई भ्याव वाटतंय. म्या फक्त खोकं पोचवलं व्हतं.”

“मी कुठं म्हटलं तुम्ही काही केलं म्हणून?”

तो घाम पुसत निघून गेला.

संध्या जेवायला गेली आणि परत आली, तेवढ्यात संगणकावरून सतरा नंबरच्या सगळ्या नोंदी पुसल्या गेल्या होत्या. तिच्या टेबलाचा खण अर्धवट उघडा होता. आतले कागद कुणीतरी उचकले होते.

छापील प्रत बाईंच्या घरी होती म्हणून वाचली.

घरी परतताना हर्सूलच्या रस्त्यावर एक मोटरसायकल बराच वेळ तिच्या स्कूटीच्या मागं होती. संध्या वळली की तीही वळत होती. शेवटी संध्या एका किराणा दुकानापुढं थांबली, तेव्हा ती पुढं निघून गेली. हेल्मेटमुळं चेहरा दिसला नाही. कदाचित कुणी वाटसरूच असेल. पण त्या दिवसापासून तिनं रस्ता बदलला. आईला मात्र काही सांगितलं नाही.

४

पुढचे दिवस कुपी संध्याच्या मोबाइलवर नोंदी पाठवत राहिली. बाईंच्या सांगण्यावरून तिनं तशी सोय करून ठेवली होती.

“हे काय पाणी आहे?” संध्या आलेख दाखवत म्हणाली. “अचानक चढतं. दहा मिनिटांत छातीएवढं होतं. मग भराभर उतरतं आणि तासाभरात कुपी उघडी पडते. अशी भरती-ओहोटी कुठं असते?”

“हर्सूलचा तलाव?”

“तो तर आटलाय, बाई. पोरं क्रिकेट खेळतात तिथं.”

“एखाद्या घराचा हौद?”

“आमच्या वसाहतीत हौद आहेत. पण घरातली माणसं पाणी पुरवून वापरतात. तासाभरात कोण रिकामा करील?”

बाईंनी आलेखावर बोट ठेवलं. “पाणी चढतं तेव्हा कोमट असतं. उन्हात उभं राहिलेलं पाणी. मग तासाभरात ते सगळं उपसलं जातं, म्हणजे उपसणारे हात पुष्कळ आहेत.”

संध्याचं तोंड उघडंच राहिलं. “टँकर! टँकर विहिरीत सोडतात आणि गाव शेंदून घेतं.”

“बरोबर. कुपी कोरड्या विहिरीत टाकली होती. विहीर कोरडी होती तोवर ती झोपून राहिली. दुष्काळ वाढला, गावाला टँकर लागला आणि ती जागी झाली.”

“पण टँकर लागलेली गावं किती तरी आहेत.”

बाईंनी दुसरा कागद पुढं ओढला. वेधशाळेतल्या जुन्या सहकाऱ्याकडून त्यांनी शहरातल्या दाबाच्या त्याच वेळच्या नोंदी आणल्या होत्या. “उंचावर गेलं की दाब कमी होतो, खाली उतरलं की वाढतो. कन्नड आपल्यापेक्षा उंच आहे. कुपी श्रीनिवासच्या शेतावर असती, तर तिचा दाब शहरापेक्षा कमी दिसला असता. इथं तो प्रत्येक वेळी जास्त आहे, आणि विहिरीची खोली धरूनही जास्तच आहे. जागा शहराच्या खाली आहे. गोदावरीकडच्या उतारावर.”

“पाचोड,” संध्या म्हणाली. “बद्रीभाऊंचं गाव.”

तिला बद्रीनाथचा घामेजलेला चेहरा आठवला. भूषणला तो ‘भूषणराव’ म्हणायचा, त्याच्या डब्यातलं खायचा.

दुसऱ्या दिवशी तिनं रजा मागितली. श्रीनिवास सरांनी खोदून विचारलं, तेव्हा गावाचं नाव सांगणं भागच पडलं.

५

बाईंची जुनी मारुती पाचोडच्या पुढं कच्च्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना मोसंबीच्या वाळलेल्या बागा होत्या. गावात बद्रीनाथच्या घरापुढं त्याची चुलती कडूबाई बाजेवर बसली होती.

“बद्री तर शहरात हाय,” ती म्हणाली. “इहीर व्हय? ती काय, त्या लिंबाच्या पल्याड. आमचीच हाय. यंदा टँकर तिच्यातच सोडत्यात. मोठी गाडी दुसरीकडं जात नाय.”

“त्याआधी विहीर कोरडी होती?” बाईंनी विचारलं.

“ठणठणीत. बद्री बुजवणारच व्हता. हुरड्याला त्याच्या हापिसातली मंडळी आल्ती, तवा त्यांच्यादेखतच म्हणला, आता मुरूम टाकून बुजवतो म्हणून.”

बाई पुढं झुकल्या. “हुरड्याला कोण कोण आलं होतं, आजी?”

“समदेच की. मालक व्हते, आजून येक गोरा, गप गप राहणारा व्हता.”

संध्या त्या वेळी दुःखात होती, ती हुरड्याला आलीच नव्हती. म्हणजे विहीर तिघांनीही पाहिली होती. सगळं पुन्हा पहिल्या जागी आलं. बाई कडूबाईला आणखी विचारत बसल्या. संध्याला दम निघेना.

“टँकर यायच्या आत मी बघून येते,” ती म्हणाली.

विहीर जुनी, दगडी, चार पुरुष खोल होती. कडेला चपला काढून संध्या भिंतीतल्या पायऱ्यांना धरत उतरली. तळाशी घोट्याएवढं गढूळ पाणी होतं. ती वाकून दगडांखाली चाचपत गेली. कपारीत तिच्या बोटांना गार, गुळगुळीत काहीतरी लागलं.

कुपी. टोकाला हिरवा दिवा मिणमिणत होता. पाटी काढून घेतलेल्या जागी स्क्रूची रिकामी भोकं होती.

वर गाडीचं दार वाजलं.

“संध्या? खाली आहेस का?”

मिहिरचा आवाज. तिला हायसं वाटलं. “सर, सापडली!”

“छान. सरांनीच पाठवलं मला, तू एकटी नको म्हणून. तिथंच थांब. घाई करू नकोस, पायऱ्या ओल्या आहेत.”

ती थांबली. कुपी ओढणीनं पुसली. शून्य खारटपणा दाखवणारी ही कुपी ठणठणीत चालू होती, ती काही मेलेली नव्हती. आणि तिचा हात जागच्या जागी थांबला.

खारटपणा शून्य आहे, हे तिनं मिहिरला सांगितलंच नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. नोंदी आल्या, एवढंच ती बोलली होती. कुपी गोड्या पाण्यात आहे, हे न बघता कोण सांगू शकतं? तिला जिथं टाकलं तिथं समुद्र नाही, हे ज्याला ठाऊक आहे तोच.

वर मोठं इंजिन घरघरत जवळ आलं. विहिरीच्या तोंडावर टँकरचा जाड पाइप दिसला.

“सायेब, खाली कुणी हाय का?” ड्रायव्हर ओरडला.

एक क्षण गेला. संध्यानं मान वर केली. कडेला मिहिरचं डोकं दिसत होतं. त्यानं सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं.

“नाही,” तो म्हणाला. “सोड.”

६

ती किंचाळली, पण इंजिनापुढं तिचा आवाज वर पोचला नाही. पाणी भिंतीसारखं कोसळलं. त्याच्या तडाख्यानं ती दगडांवर आपटली, पुन्हा उठली. कुपी छातीशी धरून तिनं कपारीत अंग कोंबलं. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं. श्वास घ्यायला तोंड उघडलं की पाणीच आत जात होतं. भूषणलाही असंच झालं असेल, हा विचार आला आणि तिला रडूही आलं नाही, इतकी ती भ्याली होती.

मग पाणी थांबलं.

वर कडूबाई अजून ओरडतच होती. “आरं मुडद्या, बंद कर! चपला दिसत नाय का तुला? पोरगी हाय खाली!”

दोन गड्यांनी संध्याला दोर सोडून वर काढलं. टँकरचा ड्रायव्हर डोक्याला हात लावून बसला होता. “म्या इचारलं व्हतं, ताई. ह्ये सायेब नाय म्हणले. आईची शपथ.”

मिहिर पळाला नव्हता. गाडीच्या दाराला टेकून तो उभा होता. अनसूया बाई लंगडत त्याच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

“कुपीत काय बिघाड होता?”

“सतरात कसलाच नव्हता,” तो खालमानेनं म्हणाला. “फक्त तिची तपासणी राहिली होती. बोटी सुटायच्या होत्या, सरांनी तारीख दिली होती. मी जुन्या कुपीवर सतराची पाटी लावून दिली. तिचा दाब मोजणारा भाग बंद पडला होता. दिवा हिरवाच राहायचा. वाटलं, एक खेप तर आहे. आल्यावर बदलू. नंतर बोटच आली नाही. खरी सतरा कपाटात सापडली असती तर...”

“म्हणून विहिरीत टाकलीस.”

“ती बुजवणार होते,” तो म्हणाला, जणू चूक विहीर न बुजवणाऱ्यांचीच होती.

“बद्रीभाऊंना माहीत होतं?” संध्यानं विचारलं. तिचे दात वाजत होते. कडूबाईनं तिच्याभोवती लुगडं गुंडाळलं होतं.

“नाही. खोकी बंद करूनच द्यायचो मी.”

म्हणजे बद्रीनाथचं भ्यालेपण साधंच होतं. मेलेल्या माणसाची कुपी बोलते म्हटल्यावर कुणीही भ्यालं असतं.

गावातली माणसं मिहिरला गाडीत बसवून पाचोडच्या पोलीस चौकीकडं न्यायला निघाली. तेवढ्यात संध्यानं गाडीच्या दाराला हात घातला.

“थांबा. जुन्या कुप्या आणखी किती दिल्यात तुम्ही?”

मिहिरनं तोंड फिरवलं.

“सर, किती?”

“तीन,” तो पुटपुटला. “बदलायच्या राहिल्या.”

“कुठल्या बोटींवर?”

त्यानं नावं सांगितली. अनसूया बाईंचा चेहरा पांढरा पडला. “संध्या, समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालंय. सकाळीच ऐकलं मी. आणि पावसाळी मासेमारीबंदीच्या आधीची शेवटची खेप म्हणून सगळ्या बोटी लांब गेल्या असतील.”

गावात रेंज तुटक होती, कुपीच्या नोंदींपुरती पुरे, पण बोलण्यापुरती नाही. कुणी म्हणालं, टँकरवर चढलं की नीट मिळते. संध्या ओल्या कपड्यांनिशी टँकरवर चढली. तापलेल्या पत्र्यावर पाय पोळले. तिनं बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीला फोन लावला, बोटींची नावं सांगितली. “तुमच्या कुप्यांवर विश्वास ठेवू नका. दिवा हिरवा असला तरी फिरा. आत्ता फिरा. माझा भाऊ त्याच दिव्यावर गेलाय.”

पलीकडच्या माणसानं चालू फोन बिनतारी यंत्रापाशी धरला आणि त्यावर हाका मारू लागला. पहिल्या बोटीनं लगेच उत्तर दिलं. दुसरी अर्ध्या वाटेवर परतीलाच लागली होती. तिसऱ्या बोटीकडून नुसती खरखर येत होती.

खाली बाया घागरी घेऊन उभ्या होत्या. पाण्याची एवढी ओढ, पण एकीनंही विहिरीत दोर टाकला नाही. सगळ्या वर संध्याकडं बघत होत्या.

“परत हाक मारा,” ती म्हणाली. “परत.”

पलीकडचा माणूस हाका मारत राहिला. ऊन कलू लागलं. संध्यानं फोन कानाशी इतका दाबून धरला होता की कान बधिर झाला. खरखर वाढली, तुटली, पुन्हा आली. आणि त्या खरखरीमागून, वाऱ्याच्या घोंघावण्यातून, तिसरी बोट हाकणाऱ्या म्हाताऱ्या तांडेलाचा दमलेला आवाज आला.

“ऐकलं गो बाय, ऐकलं. सहाजण आहोत आम्ही. फिरवली बोट.”